आधी वहीत, मग ओठांवर

गेल्या अंकात मी आमच्या चौघांच्या शनिवारबद्दल लिहिलं होतं. मी, माझे यजमान, माझी धाकटी नणंद आणि कॉलेजपासूनची एक मैत्रीण. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही पुण्यात आमच्या घरी जमतो, पूर्वी कधी न चाखलेल्या तीन-चार क्राफ्ट बिअर, म्हणजे लहान ब्रुअरींत (बिअरच्या कारखान्यांत) बनलेल्या बिअर, थोड्या थोड्या वाटून घेतो आणि ज्याला जे वाटलं ते त्यानं आपल्या वहीत लिहायचं. सगळ्यांचं लिहून होईपर्यंत कुणी बोलत नाही. त्या लेखावर आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देते. दोन-तीन पत्रांत मला तज्ज्ञ म्हटलंय. मी बिअर बनवत नाही. २७ वर्षं मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका दूध संघाच्या गुणनियंत्रण विभागात होते. वास आणि चव ओळखायची आणि दुसऱ्याला कळेल अशी लिहायची, हे माझं रोजचं काम. बिअरकडे मी त्याच सवयीनं बघते.

आमचा पाच मित्रांचा ग्रुप अधूनमधून पुण्याला येतो. बिअर थेट नळातून देणाऱ्या टॅपरूममध्ये आयपीए मागवली की एक मित्र लगेच 'पॅशन फ्रूट, पाइन, ग्रेपफ्रूट' म्हणतो आणि बाकीचे माना डोलावतात. मला नुसतं कडू लागतं. पॅशन फ्रूट मी कधी खाल्लेलंच नाही. माझ्या जिभेत काही कमी आहे का?
— एक वाचक, नाशिक रोड

काहीही कमी नाही. तुम्हाला कडू लागली, कारण ती कडूच असते. हॉप्स नावाच्या वेलीची फुलं उकळली की त्यांतल्या आम्लांचं रूप बदलतं आणि कडूपणा बिअरमध्ये उतरतो. आयपीएत, म्हणजे 'इंडिया पेल एल' या प्रकारच्या बिअरमध्ये, हॉप्स सढळ हातानं घालतात. म्हणजे तुमची जीभ खरं सांगते आहे. बाकीचं काम नाकाचं आहे, आणि त्याला थोडी वाट करून द्यावी लागते.

घरी एक करून बघा. साखर आणि वेलदोड्याची पूड एकत्र करा. नाक घट्ट दाबून धरा आणि त्यातली चिमूटभर जिभेवर ठेवा. नुसतं गोड लागेल. आता नाक सोडा. वेलदोडा एकदम येईल. तो तोंडात आधीपासून होताच, पण घशामागून नाकात जायची वाट बंद होती. बिअर पितानाही घोट गिळला की तोंड मिटून नाकानं हळूच श्वास सोडा. जे कडूच्या मागे दडलेलं असतं ते तेव्हा कळतं.

आता पॅशन फ्रूटचं. आपल्याकडे त्याला कृष्णफळ म्हणतात. तुमचा मित्र थापा मारत नाही. सिट्रासारख्या हॉप्सच्या जातींमध्ये गंधकाची काही संयुगं अगदी सूक्ष्म प्रमाणात असतात, आणि त्यांतलीच काही कृष्णफळात आणि पेरूतही सापडतात. त्यामुळे जो वास त्याला कृष्णफळाचा वाटतो, तो तुम्हाला पेरूचा वाटू शकेल. पिकलेले पेरू रात्रभर पिशवीत बांधून ठेवले आणि सकाळी गाठ सोडली, की गोड आणि थोडा घामट असा जो घमघमाट उठतो, तो पुढच्या खेपेला ग्लासात शोधा. ग्रेपफ्रूट म्हणजे पपनस आणि संत्रं यांच्या संकरातून आलेलं फळ. पपनसाच्या सालीवर नख ओढून हुंगलंत की जवळपास पोचलात. आणि पाइन म्हणजे चीड. चिडाचं रान न पाहिलेल्या माणसाला राळ तरी माहीत असते. निखाऱ्यावर टाकण्याआधी हातात घेतलेल्या राळेचा वास आठवा.

मला खरी काळजी वाटते ती तुमच्या टेबलावर आधी कोण बोलतं याची. आमच्या दूध संघात पहाटे गावोगावचे दुधाचे कॅन डॉकवर, म्हणजे माल उतरवायच्या धक्क्यावर, उतरायचे. झाकण उघडलं की झाकणाखाली कोंडलेला वास क्षण-दोन क्षण टिकतो, तेवढ्यात तो पकडायचा. आम्ही दोघी जणी वास घ्यायचो आणि आमच्या वरिष्ठ बाईंचा दंडक होता की एकमेकींकडे न बघता आधी रजिस्टरात लिहायचं. नोकरीच्या पहिल्याच पावसाळ्यात मी तो मोडला. एका कॅनला तोंडातून निघून गेलं, 'कांद्याचा वास येतोय.' त्यानंतरच्या १४ कॅनना आम्हा दोघींनाही कांदाच येत राहिला. बाईंनी सगळी झाकणं परत लावायला लावली, कॅनचा क्रम बदलला आणि अर्ध्या तासानं पुन्हा वास घ्यायला लावला. त्या १४ पैकी कांदा दोनच कॅनना होता. बाकीच्या १२ कॅनचं चांगलं दूध माझ्या एका शब्दानं परत जाणार होतं, कुणाच्या तरी घरचा त्या दिवसाचा पैसा. ते मी विसरलेले नाही.

तेव्हा मित्राला प्रेमानं सांगा, दोन मिनिटं थांब. प्रत्येकानं मोबाइलवर का होईना, तीन शब्द लिहायचे. मग वाचायचे, आणि ज्याला सगळ्यात जास्त कळतं त्यानं शेवटी वाचायचं. 'नुसतं कडू' एवढंच लिहिलंत तरी चालेल, पण कुठलं कडू ते लिहा. मराठीत कडू वेगळं, कडवट वेगळं आणि कडसर वेगळं. कारल्यासारखं जिभेवर पडताक्षणी भिडणारं, की मेथीसारखं मागून येऊन रेंगाळणारं, की पाडव्याच्या कडुनिंबासारखं घशापर्यंत जाणारं? एवढं लिहिलंत तर तुमच्या मित्रालाही त्या ग्लासात नवं काही सापडेल.

तुम्ही नाशिक रोडचे, म्हणून एक सांगावंसं वाटतं. २००९ साली पुण्यात सुरू झालेली डूलाली ही देशातल्या सुरुवातीच्या क्राफ्ट ब्रुअरींपैकी एक. तिचं नाव तुमच्या शेजारच्या देवळालीवरून आलं आहे. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत गोरे शिपाई देवळालीच्या छावणीत महिनोन्‌महिने अडकून पडायचे, आणि त्यांच्या बोलीत डोकं फिरलेल्याला 'डूलाली' म्हणू लागले.

आमच्याकडे दीर आणि त्यांचे मित्र मिळून नव्या नव्या बिअर आणतात. मी बसले की माझ्यापुढे फळाची गोडसर बिअर येते, 'वहिनी, तुम्हाला ही झेपेल' म्हणून. मागच्या महिन्यात मी काळ्या स्टाउटचा घोट घेतला आणि मला तीच आवडली. का आवडली ते मात्र सांगता येईना, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.
— एक वाचक, सांगली

ताई, तुम्हाला का आवडली ते मला अंदाजानं सांगता येईल. धान्याला मोड आणायचे, ते वाळवायचं आणि भाजायचं, याला माल्ट करणं म्हणतात. घरी नाचणीचं सत्त्व करत असाल तर यातलं बरंचसं तुमच्या हातून झालेलं आहे. बिअरमध्ये नाचणीच्या जागी सातू असतो, म्हणजे जव. स्टाउटमध्ये यातला काही भाग पार काळा होईपर्यंत भाजतात. म्हणून तिच्यात कॉफी लागते, भाकरीचा करपलेला पापुद्रा लागतो, भाजक्या शेंगदाण्याची साल लागते, कधी मागून काकवी. ज्या घरात रोज भाकरी थापली जाते तिथल्या बाईला ही चव ओळखीची न वाटली तरच नवल.

'झेपेल' या शब्दाबद्दल दिरांना एक आकडा दाखवा. काळी म्हणजे जहाल, हा समज चुकीचा आहे. गिनेस ड्राफ्ट ही आयरिश स्टाउट काळीकुट्ट दिसते, पण तिच्यात अल्कोहोल ४.२ टक्के. आपल्याकडे 'स्ट्राँग' म्हणून विकली जाणारी पिवळीधमक बिअर ६ ते ८ टक्क्यांची असते. गिनेस दुधाच्या सायीसारखी वाटते ती नायट्रोजनमुळे, त्याचे बुडबुडे फार बारीक असतात.

पुढच्या वेळी ओतण्याचं काम तुम्ही घ्या. सगळ्यांना सगळ्या बिअर, ग्लासावर फक्त नंबर. कुणाला कुठली द्यायची हा प्रश्नच उरणार नाही.

आम्हा चार शेजाऱ्यांना तुमच्यासारखी बैठक सुरू करायची आहे. काय काय लागतं? महागडे ग्लास घ्यावे लागतील का?
— एक वाचक, ठाणे

ग्लास साधे चालतील, फक्त काचेचे हवेत. स्टीलच्या पेल्यात रंग आणि फेस दिसत नाही आणि निम्मी गंमत तिथेच जाते. मात्र ते तेलकट नकोत. आपल्या स्वयंपाकघरात ही मोठीच अडचण आहे. तूप लागलेली वाटी आणि बिअरचा ग्लास एकाच घासणीनं घासले की फेस बसलाच म्हणून समजा, कारण स्निग्धांश फेस मोडतो. वेगळी घासणी ठेवा, साबण पूर्ण जाईपर्यंत धुवा आणि पुसू नका, उपडे घालून वाळू द्या. काचेच्या आत एकाच जागी बुडबुडे चिकटून राहिले तर तिथे काहीतरी राहिलंय.

त्या संध्याकाळी घरात फोडणी नको, उदबत्ती नको, अंगाला अत्तर नको. नणंद पहिल्यांदा आली तेव्हा केसात मोगऱ्याचा गजरा होता. आम्ही तो दाराशी पाण्याच्या वाटीत ठेवला. मधेमधे खायला साधे चुरमुरे किंवा कोरडी पोळी. खारे दाणे, चिवडा, लोणचं हे सगळं वही मिटल्यावर. पाणी माठातलं चालेल, फ्रिजचं नको.

३३० मिलिलिटरचा एक कॅन चौघांत वाटला की प्रत्येकी साधारण ८० मिलिलिटर येतात. चार बिअर म्हणजे दर माणशी एक कॅन. याच्यावर जाऊ नका. त्यानंतर लिहिलेलं दुसऱ्या दिवशी वाचलं की त्यात फक्त विशेषणं सापडतात. ज्याला गाडी चालवत घरी जायचं आहे त्यानं वास घ्यावा, रंग लिहावा, घोट घेऊ नये. आमची मैत्रीण गाडी घेऊन येते तेव्हा हेच करते, आणि वासाच्या बाबतीत त्या दिवशी तिचीच वही सगळ्यात भरलेली असते.

क्रम हलक्याकडून जडाकडे. आयपीए आधी घेतली की तिच्यामागून आलेली नाजूक लागर (कमी तापमानाला सावकाश आंबवलेली बिअर) पाण्यासारखी लागते, आणि त्यात लागरचा काही दोष नसतो. लागर थंडच बरी, ५ ते ७ अंशांना. एल (लागरपेक्षा उबेत आंबवलेली बिअर) आणि स्टाउट फ्रिजमधून काढून १०-१५ मिनिटं ओट्यावर ठेवा. बर्फगार बिअरला वास जवळपास नसतो. सुरुवात करायला जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर, हेफेवाइझेन, चांगली. तिच्यात केळं आणि लवंग येते आणि ती नवख्यालाही सापडते. त्यात केळं घातलेलं नसतं आणि लवंगही नसते. दोन्ही यीस्टची करामत. पहिल्याच शनिवारी काहीतरी सापडलं की माणसाला धीर येतो.

चार-पाच बैठका झाल्या की तीन ग्लासांचा प्रयोग करा. दोन ग्लासांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी, आणि वेगळी कुठली ते ओळखायचं. नुसत्या अंदाजानंही तीनात एकदा बरोबर येतं, म्हणून निदान सहा-सात वेळा करा. १९४० च्या दशकात ही पद्धत कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीत बिअरसाठीच बसवली गेली. आमच्या दूध संघात लोण्याच्या दोन घाण्यांत फरक आहे का ते आम्ही याच पद्धतीनं बघायचो. घरी आम्ही एकाच बिअरचे थंड आणि कोमट असे दोन ग्लास ठेवले, तर यजमानांनी त्या दोन वेगळ्या बिअर असल्याचं ठासून लिहिलं होतं. तापमानाचं महत्त्व त्यांना त्या दिवशी पटलं.

टॅपरूममधली एक लागर मला चक्क लोण्यासारखी लागली. मित्र म्हणाला, 'शैलीच तशी असेल, आपल्याला कळत नाही.' मी गप्प बसलो. बोलायला हवं होतं का?
— एक वाचक, पुणे

हो, बोलायला हवं होतं. तुम्ही बरोबर ओळखलंत. त्या पदार्थाचं नाव डायअसिटिल. आंबवताना यीस्टकडून तो तयार होतो आणि पुरेसा वेळ दिला तर यीस्टच तो पुन्हा खाऊन टाकतं. घाईनं बिअर थंड केली किंवा नळ्या नीट साफ नसल्या की तो उरतो. मला त्याचं फार अप्रूप आहे, कारण आमच्याकडे विरजणातून हाच वास यावा म्हणून आम्ही धडपडायचो. ताज्या लोण्याला लोण्याचा वास देतो तो हाच. दुधात तो गुण, लागरमध्ये बहुतेक वेळा दोष. चेक पद्धतीच्या काही लागरमध्ये तो किंचित चालतो, म्हणून तुमच्या मित्राचं म्हणणंही अगदीच निराधार नाही.

बोलायचं कसं, तर दोन वाक्यं वेगळी ठेवून. 'मला आवडली नाही' हे एक वाक्य आणि 'ही बिघडलेली वाटते' हे दुसरं. पहिलं तुमच्याबद्दल आहे, दुसरं बिअरबद्दल. दुसरं म्हणायचं असेल तर कशासारखं लागलं ते सांगा: लोणी, उकडलेलं मक्याचं कणीस, ओला पुठ्ठा, व्हिनेगर. ब्रुअरला या प्रत्येक शब्दातून वेगळं कारण कळतं. लोणी म्हटलं की तो यीस्टकडे बघेल, मका म्हटलं की उकळण्याकडे. 'काहीतरी गडबड आहे' यातून त्याला काहीच कळत नाही. मी आजवर असं चार-पाच वेळा सांगितलंय आणि प्रत्येक वेळी आतून कुणीतरी येऊन स्वतः वास घेऊन गेलं.

ओल्या पुठ्ठ्याबद्दल माझीच एक चूक सांगते. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आणलेल्या एका आयपीएला मी वहीत 'शिळवट, पुठ्ठा, फळ मेलेलं' असं लिहिलं आणि चार जणांना ती घेऊ नका म्हणून सांगितलं. नंतर लक्षात आलं की ते कॅन दुकानातून आणल्यावर पूर्ण दुपार आमच्या गाडीच्या डिकीत राहिले होते. उन्हात डिकी किती तापते हे मला, दूध सांभाळण्यात आयुष्य घालवलेल्या बाईला, सांगायला नको होतं. ऑक्सिजन आणि उष्णता एकत्र आली की बिअरमध्ये पुठ्ठ्याचा वास येतो आणि हॉप्सचा सुगंध जातो. त्याच बिअरचा थंड ठेवलेला कॅन पुन्हा आणला, चाखला, आणि त्या चौघांना फोन करून माझे शब्द मागे घेतले. तेव्हापासून आमच्या वहीत एक रकाना आहे: कधी भरली, कुठे ठेवली होती, घरी कशी आली.

उजेडाचंही तसंच. हिरव्या किंवा पांढऱ्या बाटलीतली बिअर उन्हात राहिली की उग्र, जनावरासारखा वास येतो. उजेड पकडतं ते त्यातलं रायबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्व, आणि हॉप्सचं कडू द्रव्य मोडतं. उन्हात ठेवलेल्या दुधाच्या बाटलीलाही याच रायबोफ्लेविनमुळे वेगळा वास लागतो. बिअरला तपकिरी बाटली किंवा कॅन उगाच वापरत नाहीत.

आंबट बिअर म्हणजे नासलेलीच ना? लोक पैसे देऊन का पितात?
— एक वाचक, सोलापूर

ताक नासलेलं असतं का? गोझ ही जुनी जर्मन बिअर. मूळची गोस्लार गावची, पण पुढे ती लाइपझिगची म्हणून ओळखली गेली. तिच्यात दह्याच्या कुळातले जिवाणू आंबटपणा आणतात आणि वरून मीठ आणि धने घालतात. मीठ आणि धने-जिऱ्याची पूड घातलेलं ताक ज्यानं प्यायलंय त्याला मी आणखी काय समजावणार! आंबटपणाच्या मापात, म्हणजे पीएचमध्ये, साधी बिअर ४ ते ४.५ च्या आसपास असते, दही ४.५ च्या जवळ आणि आंबट बिअर साधारण ३.२ ते ३.५. आकडा जितका लहान तितकी आंबट. सकाळ-संध्याकाळ मी ज्या पीएचच्या मोजपट्टीनं दूध तपासलं, तीही १९०९ साली कार्ल्सबर्गच्याच प्रयोगशाळेत सोरेनसन यांनी मांडली. बिअरवाल्यांचे दूधवाल्यांवर असे बरेच उपकार आहेत.

मी वर्ध्याला राहतो. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. चव ओळखायला शिकायचं तर काय करू?
— एक वाचक, वर्धा

कायदा पाळा, आणि जीभ तयार करायला बिअरची गरज नाही. तीन गावांचे तीन गूळ आणा आणि डोळे मिटून ओळखा. आमसुलाचं पाणी, चिंचेचं पाणी, कैरीचं पाणी सारखंच आंबट करून त्यांतला फरक लिहा. एकाच कॉफीच्या बिया हलक्या, मध्यम आणि गडद भाजून घ्या. मी हे सगळं बिअरच्या कितीतरी आधी केलंय.

(१९ वर्षांच्या एका विद्यार्थ्यानं 'कुठली बिअर आधी घेऊ' विचारलंय. आपल्या राज्यात बिअरला वयाची अट २१ आहे. तोवर वर लिहिलेलं कर.)

मुलगा जर्मनीत न्यूरेंबर्गला असतो. आम्ही गेलो तेव्हा तो हौसेनं बांबर्गला घेऊन गेला आणि तिथली प्रसिद्ध बिअर मागवली. मी घोट घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणालो, 'ही जळकी आहे, परत कर.' तो काही बोलला नाही, पण त्याचा चेहरा उतरला. घरी आल्यापासून ते मनात आहे. ती बिअर खरंच तशीच असते का?
— एक वाचक, इस्लामपूर

दादा, ती तशीच असते. तिला राउखबिअर म्हणतात, धुराची बिअर. मोड आलेला सातू बीच झाडाच्या लाकडाच्या विस्तवावर वाळवतात आणि धूर त्यात मुरतो. धूर न लागता धान्य वाळवायच्या भट्ट्या येण्याआधी लाकडावर वाळवलेल्या माल्टला धुराचा वास लागायचाच. भट्ट्या आल्यावर बहुतेक गावांनी धूर सोडला. बांबर्गनं धरून ठेवला. श्लेंकर्ला आणि स्पेझियाल या तिथल्या दोन ब्रुअरी अजून आपलं धुराचं माल्ट आपणच तयार करतात. तुमच्या मुलानं तुम्हाला त्या गावाची सगळ्यात जपलेली चव दिली होती.

तुम्हाला ती जळकी वाटली यात मला काही आश्चर्य नाही. आमच्या डॉकवर धुरकटलेल्या दुधाचा कॅन आला की मी क्षणात बाजूला काढायची. ओली लाकडं, कोंदलेलं स्वयंपाकघर, झाकण न ठेवलेलं पातेलं. आपल्या पिढीच्या नाकाला धुरकट म्हणजे बिघडलं असंच शिकवलेलं आहे. दोन वर्षांपूर्वी नणंदेनं परदेशातून अशी एक बाटली आणली तेव्हा मीही वहीत पहिला शब्द 'धुरकट' लिहिला आणि माझा हात तिथेच थांबला, कारण २७ वर्षं त्या शब्दापुढे मी 'परत' असं लिहीत आले होते. मी दुसरा घोट घेतला. पाचव्या घोटाला धूर मागे सरला आणि खाली भाजल्या धान्याचा गोडवा लागला. आगटीत भाजलेल्या कणसाचा, राख झटकल्यावरचा.

मुलाला फोन करा. माफी मागायची का ते तुम्ही ठरवा, पण तुम्हाला नेमका कशाचा वास आला ते त्याला सांगा. तुमच्या गावाकडच्या कुठल्या चुलीचा, कुठल्या पावसाळ्यातल्या चहाचा. त्याला त्या बिअरमध्ये काय सापडतं ते विचारा. परदेशात एकट्या राहणाऱ्या मुलाला त्या ग्लासात आपल्या घरची चूल सापडली असेल आणि म्हणूनच तो तुम्हाला तिथे घेऊन गेला असेल, असं मला तुमचं पत्र वाचताना सारखं वाटत राहिलं.

तुम्ही वहीबद्दल एवढं लिहिता, तर त्यातलं एक पान जसंच्या तसं दाखवाल का?
— एक वाचक, रत्नागिरी

दाखवते. चौघांच्या ओळी एकत्र उतरवलेलं, मागच्या दुसऱ्या शनिवारचं तिसरं पान. बिअर पुण्याजवळच्या एका ब्रुअरीची, जांभूळ घातलेली, आंबट. कॅन फ्रिजमध्ये ठेवलेला, भरून सहा आठवडे झालेले. ओतली यजमानांच्या भाच्यानं, आम्हाला नाव माहीत नव्हतं.

यजमान: 'रंग जांभळा नाही, डाळिंबाच्या दाण्याचा. फेस लगेच बसला. पहिला घोट लिंबू. दुसऱ्यात बीलगतचा तुरटपणा. गर कुठे आहे?'

नणंद: 'दात आंबले. तरी परत घ्यावीशी वाटते. मीठ आहे का यात?'

मी: 'ताज्या ताकाचा आंबटपणा, शिळ्या दह्याचा नाही. फार थंड. १० मिनिटांनी जांभूळ वर आलं. शेवट कोरडा, जीभ टाळ्याला चिकटते.'

मैत्रीण: 'नाकाला काही नाही. गिळल्यावर मागून एक फूल. वाळलेलं. कुठलं ते आठवत नाही.'

मग वाचलं. मिठाचं मला आणि यजमानांना जाणवलंच नव्हतं. भाच्यानं कॅन आणून दाखवला, त्यावर बारीक अक्षरात सैंधव लिहिलेलं होतं. पुन्हा घोट घेतला तेव्हा ते आम्हालाही लागलं, पण ते नणंदेचं, आमचं नव्हे, म्हणून आमच्या ओळींत घातलं नाही. फुलावर बराच वेळ गेला. मोगरा नाही, शेवंती नाही, केवडा तर नाहीच. बाकी तिघांना फूल आलं नाही, तरी तिची ओळ खोडली नाही.

सोमवारी सकाळी तिचा फोन आला. आईच्या जुन्या पेटीत साड्यांच्या घडीत ठेवलेली बकुळीची फुलं सापडली होती. तिच्या ओळीपुढे मी पेन्सिलीनं 'बकुळ' लिहून ठेवलंय.